गेटच्या आत की बाहेर: कांदा निर्यातबंदी आणि मशीद बंदरची एक फर्म

मशीद बंदरला छोटं ऑफिस, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात भावाचा गाळा आणि पिंपळगाव बसवंतला भाड्याची पॅकिंग शेड. कांदा निर्यातीतली मधल्या फळीतली फर्म साधारण अशीच असते. या प्रकरणातली फर्मही तशीच. माल जातो दुबई आणि कोलंबोला, चाळीस फुटी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमधून, एका कंटेनरात साधारण २८-२९ टन. मालक साठीकडे झुकलेले, बाजारभाव तोंडपाठ. कागदपत्रांचं काम त्यांच्या भाचीकडे. ती बी.कॉम. करून एलएलबी झालेली. फर्मची ओळख पटू नये म्हणून घरगुती तपशील थोडे बदललेत. अधिसूचना, कलमं आणि निकाल मात्र आहेत तसेच दिलेत.

आधी घटनाक्रम. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत एमईपी, जाहीर झालं. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद, ३१ मार्च २०२४ पर्यंत. ती मुदत संपायच्या आत, २२ मार्चला, बंदी ‘पुढील आदेशापर्यंत’ लांबली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर एमईपी आणि ४० टक्के शुल्क घेऊन. १३ सप्टेंबरला एमईपी गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं, त्याची घोषणा २२ मार्चची. यातल्या १९ ऑगस्ट, २८ ऑक्टोबर, ४ मे आणि २२ मार्च २०२५ या चारही तारखा शनिवारच्या. योगायोग असेल. पण कांद्याच्या धंद्यातली माणसं शनिवारी संध्याकाळी फोन बंद करत नाहीत, त्याला कारण आहे.

हे सगळे निर्णय वर्तमानपत्रात ‘केंद्र सरकारचा निर्णय’ म्हणूनच छापून येतात. फर्मची पहिली अडचण तिथेच होती. शुल्क लावतं अर्थ मंत्रालय, सीमाशुल्काच्या अधिसूचनेनं. बंदी किंवा एमईपी लावतं वाणिज्य मंत्रालयाखालचं विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, १९९२ च्या विदेशी व्यापार कायद्याखाली. दोघांचे कायदे वेगळे, अधिसूचनांचे क्रमांक वेगळे. मुख्य म्हणजे वाटेत असलेल्या मालाचं काय, या प्रश्नाचं उत्तर दोन्हीकडे वेगळं मिळतं. मालकांनी वर्षानुवर्षं हे एकच खातं समजून धंदा केला आणि बाजार शांत होता तोवर त्यांचं काही अडलंही नाही.

अडलं ते ऑगस्टमध्ये. शुल्क लागलं त्या शनिवारी फर्मचे तीन कंटेनर न्हावा शेवा बंदराच्या बाजूला होते. तिन्हींची शिपिंग बिलं, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायची कागदपत्रं, शुक्रवारीच भरलेली. सीएचएनं, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटनं, फोनवर निर्वाळा दिला, “शेठ, बिल कालचं आहे, ड्युटी आजची. तुम्हाला काय लागत नाय.” मालकांनी तो फोन ठेवला आणि लगेच दुबईच्या खरेदीदाराला जुन्याच भावाचा शब्द दिला.

सीमाशुल्क कायदा, १९६२ चं कलम १६ वेगळं सांगतं. निर्यातीच्या मालाला शुल्काचा दर लागतो तो शिपिंग बिलाच्या तारखेचा नव्हे. कलम ५१ खाली अधिकारी माल चढवायची परवानगी देतो, ती ज्या दिवशी मिळते त्या दिवसाचा दर लागतो. न्हावा शेवाला या परवानगीला सगळे ‘एलईओ’ म्हणतात, लेट एक्स्पोर्ट ऑर्डर. तिघांपैकी एका कंटेनरला शुक्रवारी संध्याकाळीच एलईओ मिळालेली होती, तो सुटला. उरलेल्या दोघांना पूर्ण ४० टक्के. खरेदीदाराला शब्द दिलेला, त्यामुळे पैसे फर्मच्या खिशातून गेले.

सीएचएला दोष द्यावा का? माझ्या मते अर्धाच. आयातीच्या कामात देशात वापरासाठी सोडवायच्या मालाचा दर ढोबळमानानं बिल भरण्याच्या दिवशी ठरतो, आणि आपल्याकडचे बरेचसे सीएचए आयातीवरच मोठे झालेत. कांद्यावर निर्यात शुल्क रोज थोडंच लागतं! हात आयातीच्या सवयीनं चालला. पण मालकांनी नुसत्या फोनवर विसंबून भाव पक्का केला, ती चूक सीएचएची नाही.

त्यानंतर भाचीनं एक वही घातली. साधी लांबट हिशेबाची वही. डाव्या पानावर अधिसूचना: कुणाची, क्रमांक काय, राजपत्रात कधी आली, वाटेतल्या मालाबद्दल काय म्हणते. उजव्या पानावर प्रत्येक कंटेनर: शेडमधून कधी निघाला, सील कधी लागलं, गेट-इन (बंदराच्या आवारात शिरल्याची नोंद) किती वाजता, शिपिंग बिल, एलईओ, जहाज. मालक हसले. म्हणाले, “अगं, हे सगळं कंप्युटरात असतंच की.” असतं, पण वेगवेगळ्या कंप्युटरांत. काही सीएचएकडे, काही सीएफएसकडे, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर आवाराकडे, काही शिपिंग लाइनकडे. आणि नेमकं हवं असतं तेव्हा तिघांपैकी एकाचं तरी पोर्टल झोपलेलं.

७ डिसेंबर २०२३, गुरुवार. बंदीची अधिसूचना या तारखेची, अंमल ८ पासून. त्या दिवशी फर्मचा माल चार ठिकाणी होता. एक कंटेनर जहाजावर, चढवणं सुरू झालेलं. दोन कंटेनर आवारात शिरलेले, गेट-इन दुपारचं, जहाज अजून लागायचं होतं. एक ट्रेलर कसारा घाट उतरून भिवंडीच्या अलीकडे. आणि पिंपळगावच्या शेडमध्ये जाळीच्या गोण्यांत भरून ठेवलेला दोन कंटेनरांचा लाल कांदा. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत महिनोन्महिने टिकत नाही, दोन-तीन आठवड्यांत त्याचा निकाल लागतो. बंदी उठेपर्यंत थांबू, हा पर्याय डिसेंबरात कुणालाच नव्हता. शेतकऱ्याला तर त्याहून नव्हता.

रात्री मालकांचा फोन वाजायचा थांबेना. कुणी म्हणे सगळं बंद, कुणी म्हणे शिपिंग बिल भरलेलं असेल तर जाईल, कुणी म्हणे एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेचं पैशाचं हमीपत्र, असेल तर जाईल. गंमत अशी की प्रत्येकाचं म्हणणं कुठल्या ना कुठल्या अधिसूचनेपुरतं खरं होतं, फक्त या अधिसूचनेपुरतं नव्हतं.

या प्रकरणात इथे थोडं थांबायला हवं. १३ मे २०२२ ला गव्हाची निर्यात बंद झाली, तेव्हा आधीच उघडलेल्या अपरिवर्तनीय एलसीवरच्या मालाला वाट दिलेली होती. त्याचा फायदा घ्यायला काहींनी मागच्या तारखेच्या एलसी आणल्या, आणि त्याच महिन्याच्या शेवटी डीजीएफटीला प्रत्यक्ष पडताळणीचे आदेश काढावे लागले. विदेश व्यापार धोरणात परिच्छेद १.०५ हा वाटेतल्या व्यवहारांसाठीचा सर्वसाधारण नियम आहे, एलसीवाल्यांना आधार तिथूनच मिळतो. पण २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळावर बंदी आली, तेव्हा अधिसूचनेतच लिहून टाकलं की १.०५ लागू होणार नाही. पुढच्याच महिन्यात उकड्या तांदळावर २० टक्के शुल्क लागलं, तिथे बंदरात पोचलेल्या आणि वैध एलसी असलेल्या मालाला सूट. म्हणजे धान्य बदललं, खातं बदललं की सुटकेची वाट बदलते. मागच्या वेळचा अनुभव हा अशा रात्री सल्लागार म्हणून सर्वांत वाईट.

कांद्याच्या डिसेंबरच्या अधिसूचनेत वाटा तीन होत्या. अधिसूचनेआधी जहाजावर माल चढवायला सुरुवात झालेली असेल तर. शिपिंग बिल भरलेलं असेल आणि जहाज भारतीय बंदरात लागलेलं किंवा नांगरलेलं असून त्याला रोटेशन क्रमांक, म्हणजे जहाजाच्या त्या फेरीचा नोंदणी क्रमांक, मिळालेला असेल तर. किंवा माल अधिसूचनेआधी कस्टम्सच्या ताब्यात दिलेला असेल आणि त्याची नोंद त्यांच्या वा ताबेदाराच्या संगणकात तारीख-वेळेसह पडताळता येत असेल तर. शेवटची मुदत ५ जानेवारी २०२४.

भाचीनं रात्री ऑफिसात बसून ती अधिसूचना छापली आणि वहीचं उजवं पान समोर घेतलं. पहिला कंटेनर पहिल्या वाटेनं गेला, त्यात शंका नव्हती. ट्रेलरवरच्या मालाला कुठलीच वाट नव्हती. ड्रायव्हर म्हणत होता की पहाटेपर्यंत गेट गाठतो. तिनं त्याला तिथूनच वाशीकडे वळवायला लावलं. मामा-भाचीचं खरं भांडण झालं ते यावरून.

“गेटपर्यंत जाऊ दे त्याला. आत शिरला तर शिरला,” मामा म्हणाले.

“मामा, आत शिरेल तो आठ तारखेला. मग बाहेर काढायला वेगळे पैसे, रीफरचा प्लग चार्ज वेगळा, आणि माल तोवर घाम धरणार.”

“सगळे पाठवतायत.”

“सगळ्यांचा परतही येईल.”

ट्रेलर वाशीला गेला. दुसऱ्या दिवशी तिथला भाव पडलेलाच होता, कारण निर्यातीचा माल मार्केटकडे वळवणारी फर्म ही एकटी नव्हती. नुकसान झालं. पण जे ट्रेलर गेटपाशी उभे राहिले, त्यांचं नुकसान भाव, भाडं आणि सडका माल असं तिन्ही बाजूंनी झालं.

उरले दुपारी आत गेलेले दोन कंटेनर. तिसऱ्या वाटेत ते बसतात असं वाचताना वाटतं. पण ‘अधिसूचनेआधी’ म्हणजे नेमकं कधी? ७ तारखेच्या आधी, की ७ तारखेला अधिसूचना निघण्याआधी? कागदावर फक्त तारीख असते. एका अधिकाऱ्यानं पहिला अर्थ लावला आणि माल अडवला.

इथे एक निकाल उपयोगी पडला, आणि तो कांद्याचा नव्हता. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामाचा हल्ला झाला, त्यानंतर १६ फेब्रुवारीला पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के आयात शुल्क लावलं गेलं. अधिसूचना ई-राजपत्रावर चढली रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. अटारीच्या सीमेवर त्याच दिवशी, पण त्याआधी, ज्यांनी बिल भरलं होतं त्यांच्याकडूनही २०० टक्के मागितले गेले. युनियन ऑफ इंडिया विरुद्ध जी. एस. चठ्ठा राइस मिल्स या प्रकरणात २३ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं व्यापाऱ्यांची बाजू उचलून धरली. राजपत्र इलेक्ट्रॉनिक झालं, त्यावर वेळेचा शिक्का सेकंदापर्यंत असतो, मग कायदा बदलला तो त्या क्षणापासून, मागच्या मध्यरात्रीपासून नव्हे, असा त्या निकालाचा गाभा. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेला हा निकाल शेतमालाच्या व्यापारात असलेल्या प्रत्येकानं मुळातून वाचावा. लांबलचक आहे, पण पैसे वसूल.

तो निकाल सीमाशुल्क दराचा, आणि फर्मपुढचा प्रश्न डीजीएफटीच्या बंदीचा. दोन्ही तंतोतंत एक आहेत असं म्हणता येत नाही, आणि भाचीनं तसा दावा केलाही नाही. तिनं अर्जात एवढंच मांडलं की अधिसूचना स्वतःच तारीख आणि वेळ दोन्हींची नोंद मागते. नुसती तारीखच पाहायची असती तर वेळ कशाला मागितली असती? सोबत गेट-इनची नोंद, ई-सीलची नोंद आणि राजपत्राच्या पानाची वेळेसह प्रत. दोन्ही कंटेनर डिसेंबर सरायच्या आत गेले. अधिकाऱ्यानं कारण लिहून दिलं नाही, त्यामुळे नेमकी कुठली ओळ पटली हे सांगता येत नाही. माझा अंदाज, गेट-इनच्या मिनिटांनी काम केलं, निकालानं फक्त त्या मिनिटांना वजन दिलं.

फेब्रुवारीतला प्रसंग कायद्याचा कमी आणि बातमीचा जास्त. १८ फेब्रुवारी २०२४, रविवार. सरकारनं बंदी उठवली, तीन लाख टनांना परवानगी, अशा बातम्या सगळीकडे झळकल्या. सोमवारी लासलगावला भाव १,२८० वरून १,८०० रुपये क्विंटलवर गेला. कोलंबोचा खरेदीदार मालकांच्या मागे लागला. पिंपळगावला रांगडा कांदा येत होता, उचलायची हीच वेळ, असं बाजारातला प्रत्येक जण सांगत होता.

भाची वहीचं डावं पान उघडून बसली. क्रमांक नाही. डीजीएफटीच्या संकेतस्थळावर काही नाही, ई-राजपत्रावर काही नाही. “मामा, क्रमांक दाखवा, मी लगेच पैसे सोडते,” एवढंच ती म्हणत राहिली. मालकांनी दिवसभर तिच्याशी अबोला धरला, पण चेकवर सही केली नाही. दोन दिवसांत केंद्रीय ग्राहक व्यवहार सचिवांनी स्पष्ट केलं की बंदी ३१ मार्चपर्यंत कायम आहे. वरच्या भावानं उचललेल्यांचे हात पोळले.

इथे मला व्यापाऱ्यांचीही बाजू पूर्ण घेववत नाही. ती बातमी पसरवण्यात बाजारातल्याच काहींचा हात होता, ज्यांच्याकडे आधीचा माल पडून होता त्यांचा. आणि निर्णय झालाय पण अधिसूचना निघायचीय, अशा अर्धवट अवस्थेत बातम्या सोडणारी माणसं सरकारातही असतात. दोघांच्या मध्ये शेतकरी एक दिवस हसला आणि तिसऱ्या दिवशी रडला.

मार्चमध्ये बंदी आपोआप संपेल यावर बाजाराची भिस्त होती. ती २२ तारखेला मोडली. मधल्या काळात सरकार ते सरकार पातळीवर थोडाथोडा कोटा सुटत होता, तो राष्ट्रीय सहकारी संस्थेमार्फत, छोट्या फर्मच्या हाती त्यातलं काही लागत नव्हतं. एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली तेव्हा नाशकात जो संताप झाला, तो राजकारणाचा विषय आहे. फर्मला त्यातून कळलं ते इतकंच की बंदीच्या आतही अपवादांच्या अधिसूचना निघतात, आणि त्यात माल कुठला, बंदर कुठलं हेही लिहिलेलं असतं. वहीत डाव्या पानाला ‘अपवाद’ असा आणखी एक रकाना आला.

४ मे ला बंदी उठली त्या शनिवारी मालकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “खातं कुठलं?” दोन्ही. ५५० डॉलर एमईपी डीजीएफटीची, ४० टक्के शुल्क सीमाशुल्काचं. ५५० वर ४० टक्के म्हणजे २२०, एकूण टनाला ७७० डॉलरच्या खाली माल हलूच शकत नाही. दुबईच्या बाजारात पाकिस्तानी कांदा समोर असताना या भावानं कोण घेणार? फर्मनं महिनाभर एकही कंटेनर भरला नाही. निर्यात खुली झाल्याचे पेढे बाकीच्यांनी वाटले.

आता फर्मचं काम कसं चालतं? महागडं बातमीपत्र मालकांनी बंद केलं. रोज सकाळी आणि संध्याकाळी भाची तीन ठिकाणं बघते: ई-राजपत्र, डीजीएफटी आणि सीबीआयसीच्या, म्हणजे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या, सीमाशुल्क अधिसूचना. फर्मच्या व्हॉट्सअॅप गटावर क्रमांकाशिवाय अधिसूचनेची बातमी टाकायची नाही, असा नियम केलाय. तो मालकच सर्वांत जास्त मोडतात. डीजीएफटीच्या संकेतस्थळावरच्या प्रतीवर ‘राजपत्रात प्रसिद्ध करण्यासाठी’ असं लिहिलेलं असतं, म्हणून राजपत्राची प्रत वेगळी उतरवून घ्यायची. आणि ट्रेलर निघताना, सील लागताना, गेटमधून आत जाताना ड्रायव्हरनं फोटो पाठवायचा.

वाशीच्या गाळ्यावरच्या भावाला हे सगळं अति वाटायचं. त्याच्या मेहुण्याची दुधाची छोटी ब्रँड आहे. २१ ऑगस्ट २०२४ ला एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, ‘ए१’, ‘ए२’ हे दुधातल्या प्रथिनाच्या प्रकाराचे दावे पाकिटावरून काढा म्हणून सांगितलं, मेहुण्यानं घाईघाईनं नव्या पाकिटांची ऑर्डर दिली, आणि २६ ऑगस्टला तीच सूचना मागे घेतली गेली. मूळ सूचनेत छापील पाकिटं संपवायला सहा महिने दिलेले होते, ती ओळ त्यानं वाचलीच नव्हती. त्यानंतर वहीचा एक कोरा जोड मेहुण्याकडेही गेला.

राहिला खरेदीदारांबरोबरचा करार. पूर्वी सगळं ईमेल आणि विश्वासावर. डिसेंबरनंतर भाचीनं दोन कलमं घातली. एक, निर्यातीवर बंदी आली तर गेट-इन न झालेला माल पुरवण्याची फर्मवर सक्ती नाही आणि आगाऊ रक्कम परत. दोन, शुल्क वाढलं तर वाढीव शुल्क खरेदीदार देईल. हे दुसरं कलम लिहूनच घ्यावं लागतं. निव्वळ महाग झालं म्हणून करारातून सुटता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये एनर्जी वॉचडॉग प्रकरणात सांगितलंय. तिथे इंडोनेशियातला कायदा बदलल्यानं कोळसा महागला होता, तरी वीज कंपन्यांना भारतीय करार कायद्याच्या कलम ५६ चा आधार मिळाला नाही. कांद्याला तो मिळेल असं मानायला जागा नाही.

कोलंबोच्या खरेदीदारानं दोन्ही कलमं मान्य केली. दुबईवाल्यानं पहिलं ठेवलं, दुसऱ्यावर आडवी रेघ मारली आणि समासात लिहून पाठवलं की शुल्क निम्मं-निम्मं. मालक तेवढ्यावर तयार होते. भाचीनं निम्म्यासाठी कमाल मर्यादा टनाला ६० डॉलर टाकून मसुदा परत पाठवलाय, आणि तोवर दुबईचा माल फक्त एलईओच्या दिवशीच्या भावानं जातो.